वर्गाचा प्रतिनिधी कोण?

बंगळूरच्या आग्नेय भागात होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या बेचक्यात एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. तिच्या नावातील आद्याक्षरे या दोन रस्त्यांचीच. सात सेक्टर, एका कडेला अगरा तलाव, सरळ रेषेत आखलेले रस्ते, आणि गेल्या पंधरा वर्षांत घराघरांच्या तळमजल्यावर व गच्चीवर थाटलेल्या नवउद्योगांच्या कचेऱ्या. या कचेऱ्यांतून राबणाऱ्या आणि दाटीवाटीच्या भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या तरुणांत महाराष्ट्रातून आलेले अनेक आहेत. वसाहतीच्या पहिल्या सेक्टरमध्ये राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे 'निफ्ट'चे, बंगळूर केंद्र आहे. कोपऱ्यावर केंद्रीय रेशीम मंडळाचे कार्यालय. तेथून होसूर रस्त्याने दक्षिणेस गेले की बोम्मनहळ्ळी लागते आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांचा पट्टा सुरू होतो. एका बाजूला कपडा कसा आखावा हे शिकवणारी सरकारी संस्था आणि दुसऱ्या बाजूला तो शिवणाऱ्या हजारो स्त्रिया. या दोहोंमध्ये फार अंतर नाही.

एप्रिल २०१६ मध्ये या स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने भविष्य निर्वाह निधीच्या नियमांत बदल केला होता. मालकाने भरलेला हिस्सा वयाची ५८ वर्षे पूर्ण होईपर्यंत कामगाराला काढता येऊ नये, असा तो बदल होता. ज्या उद्योगात चाळिशी गाठण्यापूर्वीच बाईला घरी पाठवले जाते, त्या उद्योगात अठ्ठावन्नची अट म्हणजे हक्काचे पैसे सरळ गोठवून ठेवणे. १८ एप्रिलला बोम्मनहळ्ळीजवळ होसूर रस्ता अडला. दुसऱ्या दिवशी शहरात लाठ्या चालल्या, अश्रुधुराची नळकांडी फुटली, आणि त्याच दिवशी सरकारने तो बदल मागे घेतला. या स्त्रियांना कोणत्याही मोठ्या संघटनेने हाक दिली नव्हती. नियम करताना त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि विचारले गेले असते तर त्यांच्या वतीने बोलण्यास नेमके कोणाला बोलवायचे, हेही ठरलेले नव्हते. ही दुसरी गोष्ट आजच्या विषयाशी अधिक निगडित आहे.

आजचा विषय विद्यार्थ्यांचा आहे. आपण काय शिकतो, कसे शिकतो आणि कशासाठी शिकतो याविषयी विद्यार्थ्यांचे जे मत असते ते त्यांच्या वतीने कोणी, कोठे व कोणत्या अधिकाराने मांडावे, हा तो विषय. तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. शुल्कवाढ, शिष्यवृत्ती, वसतिगृहे, खाजगीकरण अशा ज्वलंत प्रश्नांपुढे अभ्यासक्रम समितीतील एका खुर्चीचे महत्त्व ते काय, असे काही कॉम्रेडना वाटेल. म्हणूनच आरंभ एचएसआर लेआउटपासून केला.

वस्त्रनिर्मितीच्या तंत्रशिक्षणात कालमापन हा एक पायाभूत विषय असतो. कॉलर जोडण्यास किती वेळ, बाही लावण्यास किती, काज-बटणाला किती, हे स्टॉपवॉच हाती घेऊन मोजतात. त्यात थकव्यासाठी आणि नैसर्गिक गरजांसाठी काही टक्के सूट धरतात आणि त्या कामाची प्रमाणित मिनिटे ठरवतात. शिलाईच्या लाइनवर तासाला किती नगांचे टार्गेट ठेवायचे हे या मिनिटांवरून निघते. टार्गेट हुकले की सुपरवायझरचे बोल कोणी खायचे, तेही त्याच हिशेबातून निघते. हा विषय विद्यार्थ्याला दोन प्रकारे शिकवता येतो. एका प्रकारात तो निव्वळ अंकगणित असतो. दुसऱ्या प्रकारात, थकव्याचे हे टक्के कोणी ठरवले, मोजमाप चालू असताना लाइनवरची बाई नेहमीपेक्षा जलद हात का चालवते आणि संध्याकाळी सातव्या तासाला तोच हात किती चालतो, हे प्रश्न त्या अंकगणिताचा भाग होतात. यांपैकी कोणता प्रकार शिकवायचा, हा अभ्यासक्रमाचा निर्णय आहे. तो निर्णय ज्या खोलीत होतो तेथे उद्योगाचे प्रतिनिधी 'तज्ज्ञ' म्हणून बसतात. उद्या ते स्टॉपवॉच ज्याच्या हाती द्यायचे आहे, तो विद्यार्थी तेथे नसतो. ज्या हातांवर ते रोखले जाणार त्या स्त्रीचा तर प्रश्नच नाही.

ही उणीव एखाद्या संस्थेच्या प्राध्यापकांच्या मनोवृत्तीतून आलेली नाही. ती कायद्याच्या रचनेतच आहे. निफ्टची स्थापना १९८६ मध्ये वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या छत्राखाली झाली, आणि २००६ च्या कायद्याने तिला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. त्या कायद्यातील नियामक मंडळात तीन खासदार आहेत, मंत्रालयाचे अधिकारी आहेत, क्षेत्रातील तज्ज्ञ आहेत. विद्यार्थ्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीसाठी मात्र त्या मंडळात जागा नाही. या पोकळीत काय घडू शकते हे जून २०१६ मध्ये, होसूर रस्त्यावरच्या त्या उठावानंतर दोनच महिन्यांत, दिसून आले. निफ्टच्या अध्यक्षपदी माजी कसोटीपटू आणि भाजपचे माजी खासदार चेतन चौहान यांची नेमणूक झाली. चौहान सलामीचे फलंदाज म्हणून मोठे होते, यात वाद नाही. पण विणकाम, रंगकाम अथवा शिलाई यांच्याशी त्यांचा काय संबंध, हे सरकारने कधी सांगितले नाही. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अशाच एका नेमणुकीविरुद्ध विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला होता. तो संप केवळ एका व्यक्तीविरुद्ध होता असे मानणे चूक ठरेल. आमच्या शिक्षणाचा दर्जा कोणाच्या हाती सोपवायचा याविषयी आम्हाला बोलण्याचा अधिकार आहे, हे त्या १३९ दिवसांचे म्हणणे होते. विद्यार्थ्यांची संघटना निवडून आलेली आणि जिवंत होती, म्हणूनच संप इतका टिकला.

विद्यार्थ्यांचे मत घेतलेच जात नाही, असा मात्र कोणी दावा करू नये. ते आज पूर्वी कधी नव्हते इतके घेतले जाते. फरक घेण्याच्या रीतीत आहे. बंगळूरच्याच दुसऱ्या टोकाला, नागरभावीत, राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेचे म्हणजे 'नॅक'चे मुख्यालय आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेने २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण आणले. निवडक विद्यार्थ्यांना प्रश्नावली जाते. शिक्षक वर्गात किती तयारीनिशी येतात, अभ्यासक्रम किती पुरा होतो, असे वीस प्रश्न, प्रत्येकासमोर ठरावीक पर्याय. एकविसाव्या प्रश्नात स्वतःच्या शब्दांत तीन सूचना करण्याची मुभा. उत्तर भरून पाठवले की काम संपले. त्या तीन सूचनांचे काय झाले हे विचारण्याची सोय प्रश्नावलीत नाही, कारण विचारणारा एकटा आहे. शेजारच्या बाकावरच्या मुलीने काय लिहिले हे त्याला ठाऊक नाही आणि तिला त्याचे ठाऊक नाही. हजार विद्यार्थ्यांची हजार मते गोळा होतात, त्यांची सरासरी निघते, ती सरासरी संस्थेच्या गुणांत मिळवली जाते, आणि त्या गुणांची श्रेणी प्रवेशाच्या जाहिरातीत झळकते. विद्यार्थ्याचे असमाधान विद्यार्थ्याच्या उपयोगी पडण्याऐवजी त्याचे समाधान संस्थेच्या उपयोगी पडते, अशी ही उलटापालट आहे. (फेब्रुवारी २०२५ मध्ये याच परिषदेच्या एका तपासणी पथकातील सदस्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. न्यायालय जे ठरवायचे ते ठरवील. परंतु श्रेणीला बाजारात केवढा भाव आला आहे, हे त्या आरोपावरूनही उमजते.)

हॉटेलातून निघताना गल्ल्याशेजारच्या वहीत अभिप्राय लिहिणे आणि कारखान्यात आपला प्रतिनिधी निवडून त्याला वाटाघाटीस पाठवणे, या दोन्हींना 'मत नोंदवणे' असे एकच नाव देण्याची चलाखी सध्या चालू आहे. पहिल्या प्रकारात माणूस ग्राहक असतो. दुसऱ्या प्रकारात तो एका समूहाचा घटक असतो. त्या समूहात आधी चर्चा होते, मतभेद होतात, कोणीतरी हरतो, एक म्हणणे ठरते, आणि ते म्हणणे घेऊन जाणाऱ्याला परत येऊन उत्तर द्यावे लागते. एकेकट्या मतांची बेरीज केल्याने प्रतिनिधित्व निर्माण होत नाही. ब्रिटनचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथे प्रत्येक अभ्यासक्रमासाठी विद्यार्थी-प्रतिनिधी असण्याची आणि त्याने शिक्षकांबरोबर समितीत बसण्याची प्रथा चांगली रुजलेली आहे. ती आपण मोकळ्या मनाने वाखाणावी. परंतु २००५ पासून तेथे राष्ट्रीय विद्यार्थी-सर्वेक्षण सुरू झाले, २०१२ मध्ये इंग्लंडमधील वार्षिक शुल्काची मर्यादा ९,००० पौंडांवर गेली, आणि ज्याने पैसे मोजले त्याला माल पसंत पडला की नाही, या भाषेत शिक्षणाची चर्चा होऊ लागली. त्या भाषेत प्रतिनिधीही हळूहळू तक्रारपेटी होऊन बसतो.

आपल्याकडे प्रतिनिधी तक्रारपेटी होण्याइतकाही मोकळा नाही. तो मुळात नेमलेला असतो. नॅकच्याच नियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयातील अंतर्गत गुणवत्ता कक्षात विद्यार्थ्यांचा एक 'नामनिर्देशित' सदस्य असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये विद्यार्थी-तक्रार निवारणाचे विनियम काढले. त्या समितीत सर्व सदस्य प्राध्यापक, आणि विद्यार्थी एक, तोही विशेष निमंत्रित म्हणून. त्याची निवड गुण, खेळ अथवा इतर उपक्रमांतील कामगिरी पाहून करायची. म्हणजे तक्रार असलेल्यांचा प्रतिनिधी असा शोधायचा की ज्याला तक्रार असण्याचा संभव सर्वांत कमी!

महाराष्ट्रातील वाचकांना ही कल्पना ओळखीची वाटेल. १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वैमनस्यातून एका विद्यार्थी-नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद झाल्या आणि आदल्या वर्षीच्या परीक्षेत ज्याने गुणवत्ता दाखवली तो वर्गाचा प्रतिनिधी, असे ठरले. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष स्वतः प्राचार्य, आणि विद्यार्थिनींच्या दोन प्रतिनिधी प्राचार्यांच्याच पसंतीच्या. ज्या मुलाला पहिल्याच वाचनात सगळे समजते त्याने, ज्यांना तीनदा वाचूनही समजत नाही त्यांच्या वतीने बोलायचे! पहिल्या येणाऱ्या मुलाविषयी आकस असण्याचे कारण नाही. परंतु अभ्यासक्रमात खाच कोठे आहे हे जो तीत पडला त्याला आधी कळते. विदर्भातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली, मराठीतून शिकलेली, घरात पहिल्यांदा पदवीचे तोंड पाहणारी मुलगी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी गणितात नापास होते तेव्हा तो तिचा दोष की इंग्रजीतल्या व्याख्यानाचा, हा प्रश्न विचारण्यास ती स्वतः हवी. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशींनी निवडणुकांना पुन्हा मान्यता दिली, ही जमेची बाजू. पण विषय राहिलेल्या विद्यार्थ्याला उमेदवारीस अपात्र ठरवून त्यांनीही हे दार अर्धे लोटूनच घेतले.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुकांची तरतूद झाली. तिचे ढोल वाजले. २०१९ मध्ये विधानसभा निवडणुकीचे कारण सांगून विद्यार्थ्यांच्या निवडणुका पुढे ढकलल्या. मग महासाथ आली. मग सरकारे आली आणि गेली. दरम्यान सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई विद्यापीठात अधिसभेच्या नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागांसाठी मतदान झाले, तेही उच्च न्यायालयाने भाग पाडले तेव्हा. विद्यापीठ सोडून गेलेल्यांना मत आहे, विद्यापीठात आज शिकणाऱ्यांना नाही. कर्नाटकातही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून महाविद्यालयीन निवडणुका बंद आहेत. तेथे काँग्रेस, जनता परिवार आणि भाजप असे सगळे सत्तेवर येऊन गेले, आणि या एका बाबतीत त्यांचे मतैक्य वाखाणण्याजोगे राहिले.

असे मौन ठेवले की त्याची किंमत कोण देतो, हे कर्नाटकातील पदवी अभ्यासक्रमाच्या ताज्या इतिहासात वाचावयास मिळते. राष्ट्रीय शिक्षण धोरण सर्वप्रथम लागू करण्याचा मान मिळवण्यासाठी तेथील भाजप सरकारने २०२१-२२ पासून चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम घाईने आणला. महासाथीचे ते दिवस. वर्ग धड भरत नव्हते, आणि नवी रचना, नवे विषय-गट, नवे श्रेयांक विद्यार्थ्यांच्या हाती पडले. मे २०२३ मध्ये सरकार बदलले. नव्या सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शिक्षण धोरण आयोग नेमला. आयोगाच्या अंतरिम अहवालावरून मे २०२४ मध्ये आदेश निघाला आणि २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. आधीच्या तुकड्यांपुढे चौथ्या वर्षाचा पर्याय ठेवण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने आपला अंतिम अहवाल दिला.

थोरात हे अमरावती जिल्ह्यातील, आंबेडकरी विचारांचे, विषमतेचा अभ्यास करण्यात आयुष्य वेचलेले विद्वान आहेत. त्यांच्या आयोगाने चौथ्या वर्षाचा भार गरीब विद्यार्थ्यांवर कसा पडतो हे ध्यानात घेतले, आणि त्या निर्णयाचे डाव्या चळवळीने स्वागत केले ते योग्यच होते. परंतु स्वागत करताना एक गोष्ट आपण नीट पाहिली नाही. २०२१ मध्ये बी. ए. किंवा बी. कॉम.ला प्रवेश घेतलेल्या मुलाला तीन वर्षांत दोनदा सांगण्यात आले की तुझ्या पदवीचा अर्थ बदलला आहे. पहिल्यांदा तो चुकीच्या माणसांनी बदलला, दुसऱ्यांदा बरोबर माणसांनी. त्याला मात्र दोन्ही वेळा सूचना-फलकावरूनच कळले. राज्यातील महाविद्यालयांत निवडून आलेल्या विद्यार्थी परिषदा असत्या तर २०२१ चा घाईचा निर्णय इतक्या सहजी पचला नसता, आणि २०२४ चा निर्णय एका सरकारी आदेशापेक्षा बळकट पायावर उभा राहिला असता. सरकारी आदेशाने आलेले पुढचे सरकार आदेशानेच काढते. दिल्ली विद्यापीठात २०१३ मध्ये लादलेला चार वर्षांचा अभ्यासक्रम २०१४ च्या जूनमध्ये मागे घ्यावा लागला. तेथे विद्यार्थी संघटना आणि शिक्षक संघटना दोन्ही वर्षभर रस्त्यावर होत्या. आणि तरीही राष्ट्रीय धोरणाच्या आडून तो तेथे २०२२ मध्ये परत आला.

विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमातले काय कळते, हा आक्षेप जुना आहे. तो घेणारे बहुधा विसरतात की त्याला सरकारी उत्तरही तितकेच जुने आहे. १९६६ मध्ये कोठारी आयोगाने प्रत्येक विभागात आणि महाविद्यालयात शिक्षक-विद्यार्थी संयुक्त समित्या असाव्यात, विद्यापीठांच्या विद्वत्सभांशीही विद्यार्थी-प्रतिनिधींचा संबंध असावा, असे सुचवले होते. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे; तरुणपणी त्यांनी धारवाडजवळच्या उप्पिनबेटगेरीत राहून ग्रामसेवा केली आणि पुढे गारगोटीचे मौनी विद्यापीठ उभारले. ज्यांना शिकवायचे त्यांना विचारल्याखेरीज शिकवता येत नाही, हे अशा माणसाला आयोगाच्या बैठकीत बसून शिकावे लागले नसेल. आयोग कम्युनिस्टांचा नव्हता. तरीही साठ वर्षे होत आली, आणि ती शिफारस अजून धाडसी वाटते!

जगात याहून पुढे गेलेली उदाहरणे आहेत. १९१८ मध्ये अर्जेंटिनातील कोर्डोबा विद्यापीठात विद्यार्थ्यांनी पाद्री आणि जमीनदार घराण्यांच्या हाती असलेल्या कारभाराविरुद्ध बंड केले आणि विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांचाही वाटा असावा हे तत्त्व प्रस्थापित केले. ते लोण सगळ्या लॅटिन अमेरिकेत पसरले. क्यूबात १९२२ मध्ये विद्यार्थी महासंघ उभारणारा आणि विद्यापीठ-सुधारणेच्या चळवळीचे नेतृत्व करणारा तरुण हुलिओ अँतोनिओ मेया. तीनच वर्षांनी तेथील कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांत त्याचे नाव आहे. अभ्यासक्रमाच्या भांडणातून तो कोठे पोहोचला हे पाहिले, म्हणजे या खुर्चीविषयी सत्ताधाऱ्यांना एवढी धास्ती का, याचा उलगडा होतो.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि गुंडगिरीचा. तो खोटा नाही. निवडणुकांत पैसा वाहिला, तलवारी निघाल्या, सत्ताधारी पक्षांनी महाविद्यालयांना आपल्या भावी आमदारांच्या तालमी केले. परंतु हे दोष विधानसभेच्या निवडणुकांतही आहेत. म्हणून विधानसभेत दहावीच्या गुणवत्ता यादीतले लोक बसवावेत असे कोणी सुचवलेले नाही. शिवाय, निवडणूक बंद झाल्याने राजकारण बंद झाले नाही. अभाविपला कुलगुरूंच्या दालनात शिरण्यास निवडणुकीची गरज पडत नाही. बंद झाले ते फक्त, ज्याच्या मागे मंत्री नाही त्याचे राजकारण.

आता आपल्याविषयी. १९३६ मध्ये लखनौला ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन स्थापन झाली तेव्हापासून डाव्या विद्यार्थी चळवळीने या देशात अनेक लढे दिले आहेत, आणि शुल्क, शिष्यवृत्ती, बसपास, वसतिगृह यांवरील लढ्यांत आजही तीच पुढे असते. परंतु फाटकाबाहेरच्या लढ्यात जो आत्मविश्वास दिसतो तो अभ्यास-मंडळाच्या दारापर्यंत जाताना विरतो, हे मान्य केले पाहिजे. पाठ्यपुस्तकातून एखादा धडा वगळला की आपण निदर्शने करतो, आणि ती केलीच पाहिजेत. पण त्याच पुस्तकातील उरलेले धडे कसे शिकवले जातात, प्रयोगशाळेत एका उपकरणाभोवती किती मुले उभी राहतात, 'प्रकल्प' म्हणून कोठल्या कंपनीचे फुकट काम करून घेतले जाते, याची वर्गवार नोंद आपल्या किती शाखांपाशी आहे? या गोष्टींना 'सुधारणावादी' म्हणून नाक मुरडण्याची एक सवय आपल्यात आहे. गिरणगावात जुन्या कार्यकर्त्यांनी युनियन बांधली ती खात्याखात्यांतील मागाची, धाग्याच्या प्रतीची आणि पाण्याच्या नळाची तक्रार हातात घेऊन. त्यांनी त्या तक्रारींना कमी लेखले असते तर मोठ्या संपाच्या दिवशी खाते त्यांच्या मागे उभे राहिले नसते.

विद्यार्थ्यांत 'वर्ग' हा शब्द दुहेरी अर्थाने येतो, आणि तेथेच अडचण व संधी दोन्ही आहेत. एकाच वर्गखोलीत वेगवेगळ्या वर्गांची मुले बसतात. एचएसआर लेआउटच्या परिसरात लाखोंचे शुल्क भरणारे विद्यार्थी आहेत आणि शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला की खोलीचे भाडे थकवणारेही आहेत. अभ्यासक्रमाबद्दल यांचे म्हणणे एक असणार नाही. एकाला 'उद्योगाच्या गरजांना' अधिक अनुरूप शिक्षण हवे असेल, दुसऱ्याला मूळ विषय आपल्या भाषेत एकदा नीट समजावून हवा असेल. प्रतिनिधित्वाचे काम हे मतभेद सरासरीत बुडवण्याचे नाही. कन्नड माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचे म्हणणे अल्पमतात असले तरी ते नोंदले जावे, त्याला उत्तर मिळावे आणि ते उत्तर वर्गापुढे वाचले जावे, एवढी शिस्त त्यात हवी. यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शिकवणे सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात वर्गाची सभा घेता येते. विषयवार अडचणी लिहून काढता येतात. प्राचार्यांनी नेमलेला प्रतिनिधी असला तर त्यालाच सभेपुढे बोलावून हे म्हणणे त्याच्या हाती देता येते आणि पंधरा दिवसांनी त्याच्याकडून झाडा घेता येतो. तो नाही म्हणाला तर सभा दुसरा निवडील. शिक्षकांच्या, विशेषतः तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकांच्या, संघटना या कामी सोबत घ्याव्यात. वर्गात नव्वद मुले आहेत ही तक्रार दोघांचीही आहे, आणि सर्वेक्षणातील कमी गुण मात्र त्या बिचाऱ्या शिक्षकाच्या माथी बसतात.

कायद्यातील मागण्याही स्पष्ट असाव्यात. अभ्यास-मंडळांवर आणि विद्वत्सभांवर मताधिकारासह निवडून आलेले विद्यार्थी. विषय राहिल्याच्या कारणाने उमेदवारी नाकारण्यास बंदी. मागासवर्गीय विद्यार्थी आणि विद्यार्थिनी यांच्यासाठी राखीव जागा. अभ्यासक्रमात बदल करण्यापूर्वी त्याचा मसुदा विद्यार्थी परिषदेपुढे ठेवण्याचे बंधन. आणि केंद्र सरकारच्या खास कायद्यांनी चालणाऱ्या निफ्टसारख्या संस्थांनाही हे सर्व लागू. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर २०१६ च्या कायद्यातील निवडणुकांची तारीख जाहीर करा, ही मागणी प्रत्येक जिल्ह्यातून गेली पाहिजे.

बंगळूरमधील मराठी भाषक कॉम्रेडना एक वेगळे काम आहे. होसूर रस्त्यावरील गारमेंट कामगार स्त्रियांच्या संघटना आणि त्या परिसरातील विद्यार्थी यांची एकत्र बैठक घडवून आणणे अवघड नाही. कारखाने रविवारी बंद असतात आणि वर्गही. कालमापनाचा धडा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी शिलाईच्या लाइनवरच्या बाईकडून तिचा दिवस तासातासाने ऐकून घ्यावा आणि पुढच्या सत्रात आपल्या शिक्षकांपुढे थकव्याच्या टक्क्यांचा प्रश्न वर्गाच्या वतीने ठेवावा. त्या बैठकीस कन्नड, तेलुगू, हिंदी आणि मराठी अशा चारही भाषा बोलणारे कोणीतरी लागेल.